सत्तावीस चुण्यांचा किल्ट

पलटण डोंगरात सरहद्दीवर जाऊन तीन महिने झाले होते, तेव्हा मी रजेचा अर्ज टाकला. कारणाच्या रकान्यात एकच शब्द लिहिला: किल्ट. क्लार्कने अर्ज उजेडात धरला आणि विचारलं, "हे कारण आहे?" माझ्या मागे हवालदार माने उभे होते, आमच्या पाईप बँडचे पाईप मेजर, म्हणजे बँडचे प्रमुख उस्ताद. ते म्हणाले, "लिहिलंय तसंच पुढं पाठवा." वीस दिवसांची रजा मंजूर झाली.

मी पायदळातल्या एका पलटणीत पायपर, म्हणजे बॅगपाईप वाजवणारा, होतो. नायक दिनकर लांभाते, राहणार इंदूर. आमच्या घरातली जुनी माणसं संस्थानच्या फौजेत होती, वडील मात्र शाळेत गणित शिकवायचे. मी भरती झालो याचा त्यांना अभिमान होता. बँडमध्ये गेलो हे कळल्यावर ते दोन दिवस बोलले नाहीत. बँड म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे वरात यायची. अजूनही पुष्कळांच्या येते. किल्ट म्हणजे बँडवाल्याचा गुडघ्यापर्यंतचा चुण्यांचा घागरा; लोकांचा दुसरा प्रश्न असतो, त्याच्या आत काय घालता? हाफ पँट. झालं समाधान? आता पुढचं सांगतो.

वाजवणं हे शांततेतलं काम. गोळीबार सुरू झाला की बँडवाला पाईप खाली ठेवतो आणि स्ट्रेचर उचलतो. जखमींना खाली आणणं ही आमची ड्यूटी. स्ट्रेचरच्या ड्रिलमध्ये एक नियम आहे, तो बँडवाल्याला सर्वांत अवघड जातो: कदम मिळवायचा नाही. पुढच्याचा डावा पाय पडला की मागच्याचा उजवा पडला पाहिजे. दोघे एका तालात चालले की स्ट्रेचर पाळण्यासारखं झुलतं, बांधलेल्या पट्ट्या सैल होतात आणि वरच्या माणसाचं रक्त पुन्हा वाहू लागतं. माने उस्ताद आम्हाला सकाळी दोन तास कदम मिळवायला शिकवायचे आणि दुपारी तासभर तोच तोडायला. ओरडायचे मात्र दोन्ही वेळा सारखेच.

सहा वर्षं मी स्टोअरचा किल्ट घातला. मशीनवर शिवलेला, पातळ कापडाचा, माझ्याआधी तीन जणांच्या कमरेवरून उतरलेला. वारा सुटला की दोन्ही हात पाईपवर आणि खाली अब्रूचा प्रश्न. स्वतःचा, हाताने शिवलेला, जड लोकरीचा किल्ट उस्ताद सांगतील तेव्हाच मिळायचा. ते एकाला का सांगत आणि दुसऱ्याला का नाही, हे कोडं आम्हाला कधी सुटलं नाही. एका दुपारी मी पाईप पुसत बसलो होतो. ते जवळ येऊन म्हणाले, "इंदूरवाले, आता तुमचा शिवून घ्या. कापड मागवलंय मी." ते मला नावाने हाक मारत नसत. माझ्या मराठीत हिंदी इतकी असायची की, ह्याच्यामुळं माझी हिंदी सुधारली, असं ते सगळ्यांना सांगत. त्या दिवशी माझ्या डोळ्यांत पाणी आलं. धूर गेला म्हणालो. तिथे धूर नव्हता.

किल्ट शिवणारी बाई माझ्याच गावात राहते, हे मला साताऱ्याकडच्या उस्तादांनी सांगावं याची लाज वाटली. मल्हारगंजात एका अरुंद गल्लीत, मसाल्याच्या दुकानावरच्या माडीवर कुसुममावशींचं काम चालायचं. वय साठीच्या पुढे, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली, बोटात पितळी टोपण. त्यांचे सासरे दरबारी बँडचे किल्ट शिवायचे. घरातल्या मुलांनी ते काम घेतलं नाही, सुनेने घेतलं. महूच्या छावणीतले बँडवाले त्यांना ओळखून होते. कोपऱ्यात शिलाई मशीन होती, तिच्यावर कापड झाकलेलं.

"मशीनवर नाही शिवत, मावशी?"

"ती ब्लाउजसाठी आहे. किल्टला हातच लागतो. चल, सीधा उभा रहा."

मी उभा राहिलो आणि पोट आत घेतलं.

"पेट सोड, भिया. असा दम कोंडून किती वेळ वाजवशील?"

कापड आठ गज होतं. गर्द हिरवा आणि गर्द निळा चौकडा, त्यात एक बारीक लाल रेघ. इतकं जाड की पहिल्या दिवशी मी ते काखेत घेऊन जिना चढलो तर धाप लागली. मागच्या बाजूला सत्तावीस चुण्या, आणि प्रत्येक चुणीच्या मधोमध ती लाल रेघ आली पाहिजे. मी सोळा दिवसांत चार खेपा मारल्या. तिसऱ्या खेपेला किल्ट जवळजवळ तयार होता. मावशींनी तो खिडकीशी नेला, डोळे बारीक केले आणि नऊ चुण्या उसवल्या.

"काय झालं?"

"रेघ सूतभर सरकून राहिली आहे."

"मला तर दिसत नाही."

"तुला कशी दिसणार? तुझ्या पाठीमागून जो चालून राहिला असेल त्याला दिसेल."

शनिवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी त्यांनी तो माझ्या कमरेला गुंडाळला आणि चामड्याचे तीन पट्टे आवळले. मी एक पाऊल टाकलं. कापड क्षणभर जागेवर थांबलं, मग माझ्यामागून आलं. मी परत टाकलं, परत तसंच. मला इतका आनंद झाला की मी त्या माडीवर खिडकीपासून जिन्यापर्यंत सहा-सात फेऱ्या मारल्या. मावशी हसत होत्या. मग त्यांनी पाण्याचा लोटा उचलला आणि किल्टच्या काठावर सरळ ओतला. मी ओरडलोच.

"थांब रे. हात लाव खाली."

मी काठाखाली हात धरला. कोरडा.

"अख्खा लोटा पिऊन गेला. एक थेंब टपकला का? असली लोकर आहे. वरून काय पण पडू दे, खाली टपकत नाही." त्यांनी अभिमानाने चष्मा सारखा केला. "आणि सुन. हे पांढरे कच्चे टाके दिसतात ना चुण्यांवर? ते तू काढायचे नाहीत. तुमच्यात उस्ताद काढतात."

"माहीत आहे."

"म्हणजे घरी आरशासमोर नाचू नकोस. निघून जातील."

मी घरी आरशासमोर नाचलो नाही. फक्त उभा राहिलो. वडील दारात येऊन बघत होते. म्हणाले, "भूमिती चांगली आहे." एवढंच म्हणाले, पण मला पुरलं.

आता ती कच्च्या टाक्यांची रीत सांगितली पाहिजे. नव्या किल्टच्या चुण्या बसाव्यात म्हणून त्या पांढऱ्या दोऱ्याने टाचून ठेवतात. आमच्या बँडमध्ये ते टाके पहिल्या परेडच्या सकाळी, किल्ट अंगावर असतानाच कापायचे, आणि पाईप मेजरनेच कापायचे. त्यासाठी तो नव्या माणसाच्या मागे जमिनीवर गुडघे टेकतो आणि एकेक चुणी मोजत मोकळी करतो. फौजेत सीनियर जुनियरपुढे गुडघे टेकतो अशी दुसरी जागा मला माहीत नाही.

माझी पहिली परेड होती पलटणीच्या स्थापना दिवसाची. जागा टेकडीच्या आडोशाला, सपाट मैदानात. ती सेफ समजली जायची.

0650 ला मी तयार होतो. अंगात बँडचा तंग ट्यूनिक, खाली नवा किल्ट. बाकीच्यांनी अजून कपडे बदलले नव्हते. रीतच तशी होती, टाके काढेपर्यंत फक्त नव्या माणसाने सजायचं. समोर माझा जोडीदार लान्स नायक भोसले उभा होता, आमचा ड्रमर. त्याच्या खिशातून ड्रमच्या काठ्या बाहेर डोकावत होत्या आणि तो माझ्या गुडघ्यांकडे बघून दात काढत होता. 0705 ला उस्ताद मागे आले. ओल्या जमिनीवर गुडघे टेकल्याचा आवाज मला ऐकू आला. त्यांनी कागदात गुंडाळलेलं दाढीचं पातं काढलं.

"एक," ते म्हणाले. दोरा तुटल्याचं मला कमरेत जाणवलं. "दोन. लय बारीक हात हाय बाईचा. तीन."

डावीकडून उजवीकडे येत होते. दहा म्हणाले. अकरा म्हणाले.

0709 ला पहिला गोळा गाड्यांच्या शेडपलीकडे पडला. आम्ही आडवे झालो. दुसरा सरळ लंगरवर. पत्र्याचं छप्पर वर गेलं आणि दुमडून खाली आलं. आमचा स्वयंपाकी रामचंद्र आत बड्या खान्याच्या पुऱ्या तळत होता. भोसले आणि मी त्याला पायांना धरून बाहेर ओढलं तेव्हा त्याच्या छातीवर तेल उकळत होतं, आणि तो मेलेला होता. तेल सांडण्याआधीच तो मेला असावा, अशी मी आजही आशा करतो. भोसलेच्या तळहातांना फोड आले. तिसरा गोळा मैदानात पडला आणि मोठ्या ड्रमच्या आरपार गेलेला त्याचा तुकडा मागच्या भिंतीत रुतला.

उस्तादांनी पातं कागदात गुंडाळून खिशात ठेवलं. माझ्याकडे बघून म्हणाले, "उरलेले नंतर." मग वळून ओरडले, "बँड, स्ट्रेचर!"

0724 ला रेडिओवर वरच्या पोस्टचा आवाज आला.

"थ्री फॉर कंट्रोल. वन कॅज्युल्टी, सीरियस. स्ट्रेचर भेजो. ओव्हर."

"कंट्रोल. स्ट्रेचर आ रहा है. आउट."

आम्ही तिघे निघालो: उस्ताद पुढे, मागे भोसले आणि मी स्ट्रेचर घेऊन. कपडे बदलायला वेळ नव्हता. मी त्या किल्टमध्येच डोंगर चढलो. 0805 ला पोस्टवर पोचलो. संत्री सावंतच्या पोटात स्प्लिंटर गेला होता आणि तो दोन्ही हातांनी आतडी आत धरून बसला होता. भोसलेने स्वतःचा कोट काढून त्याच्या पोटावर बांधला. सावंत म्हणाला, "कोट खराब होईल." 0820 ला आम्ही त्याला घेऊन उतरायला लागलो.

0834 ला गोळा वाटेच्या वरच्या अंगाला फुटला. मी दगडांवर आपटलो. उठलो तेव्हा कानात फक्त शिट्टी होती. स्ट्रेचरचं कापड कमरेपासून खाली फाटून लोंबत होतं. सावंतचा चेहरा नव्हता. उस्ताद वाटेवर बसले होते. त्यांचा उजवा पाय मांडीपासून पुढे कातडीवर लटकत होता आणि रक्त उडत होतं, ठोक्याठोक्याला. ते त्याच्याकडे बघत होते. मग म्हणाले, "दांडे बघा. दांडे शाबूत आहेत का?"

दांडे शाबूत होते.

भोसलेने मांडीला पट्टी बांधली, तिच्यात ड्रमची काठी घातली आणि पीळ दिला. तीन पीळ दिल्यावर रक्त थांबलं. फोड आलेल्या हातांनी त्याने गाठ मारली. मी त्यांच्याच रक्तात बोट बुडवून त्यांच्या कपाळावर वेळ लिहिली: 0838. डॉक्टरला कळावं म्हणून तसं लिहितात.

कोटांचं स्ट्रेचर करायला आम्हाला शिकवलेलं असतं. पण भोसलेचा कोट सावंतच्या पोटावर चिंब झाला होता, उस्तादांचा फाटून गेला होता, आणि माझ्या ट्यूनिकच्या बाह्या इतक्या तंग की दांडा आत जाईना. मी किल्ट सोडला. कमरेला गुंडाळतात तसाच तो फाटक्या भागावर दोन्ही दांड्यांभोवती गुंडाळला आणि माझा बेल्ट वरून आवळला. चुण्यांचा भाग खाली आला, जखमेखाली. सावंतला वाटेच्या कडेला ठेवलं आणि तोंडावर टोपी झाकली. मी पुढे, हाफ पँटमध्ये. भोसले मागे.

खाली उतरायला चाळीसएक मिनिटं लागणार होती. उस्तादांना जिवंत पोचवायचं, याखेरीज माझ्या डोक्यात काही नव्हतं. गोळे मागे पडत होते आणि आम्ही घाई केली. घाबरलो होतो, हे सरळ सांगतो. आणि घाबरल्यावर आमचे पाय रोज सकाळी जे करायचे तेच करू लागले.

"कदम तोडा," उस्ताद स्ट्रेचरवरून म्हणाले.

आम्ही तोडला. पन्नास-साठ पावलं नीट गेलो. मग एक गोळा जवळ पडला, आम्ही पळालो, आणि परत डावा-उजवा, डावा-उजवा. दांडे माझ्या हातांत झुलत होते. ते झुलणं मला कळत होतं. मला वाटलं वाटच वाकडी आहे.

"लेकांनो, कदम तोडा." या वेळी आवाज बारीक होता.

तोडला. किती वेळ तोडून चाललो ते मला माहीत नाही. वळणावर मी ओरडून विचारलं, "भोसले, रक्त?"

"नाही. खाली एक थेंब नाही."

"वाटेवर?"

"वाट कोरडी आहे."

मला आनंद झाला. पट्टी धरून आहे, रक्त थांबलंय, ते झोपलेत. तिसऱ्यांदा ते ओरडले नाहीत, म्हणजे आम्ही बरोबर चालतोय, असंही मला वाटलं.

0921 ला एड पोस्टवर पोचलो. डॉक्टर कॅप्टनसाहेबांनी आम्हा दोघांना उस्तादांना धरून टेबलावर घ्यायला सांगितलं आणि किल्ट बाजूला ओढला. तो त्यांच्या हातातून निसटून खाली पडला, ओल्या गोणीसारखा. सिमेंटवर पडला आणि त्यातून रक्त सुटलं. सगळीकडून सुटलं, चुण्यांमधून, टाक्यांमधून. माझ्या बुटांखाली आलं.

"ही काठी कधी फिरली?" डॉक्टरांनी विचारलं.

ड्रमची काठी दीड पीळ उलटी फिरली होती. झुलण्याने गाठ सैल झाली होती. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही.

0926 ला त्यांनी घड्याळ बघितलं आणि हात थांबवले. नंतर मला बाहेर नेऊन म्हणाले की असा पाय तुटल्यावर त्या वाटेने माणूस पोचणं कठीणच असतं. चांगले डॉक्टर होते. मी "यस सर" म्हणालो. मी ते तेव्हाही मानलं नाही आणि आजही मानत नाही.

पुढच्या रजेवर मी किल्ट घेऊन मल्हारगंजात गेलो. स्टोअरने तो जाळायला सांगितला होता. मी जाळला असं कळवलं. मावशींनी पुडकं बघितलं आणि उत्साहाने विचारलं, "काय रे, कसा वागला?"

"मावशी, एक थेंब खाली पडला नाही."

त्या मान हलवून हसल्या. मग त्यांनी पुडकं उघडलं. कापड लाकडासारखं कडक झालं होतं. त्यांचा हात त्यावर थांबला. मी सगळं सांगितलं, वेळेसकट. त्या खाली बसल्या.

"मीच तुला लोटा ओतून दाखवला होता."

"चूक आमची. आम्ही कदम मिळवला."

"तू तुझी म्हण. मी माझी म्हणते." आणि त्या रडायला लागल्या. मीही रडलो. पहिल्यांदा, तिथेच.

तीन दिवस त्यांनी तो थंड पाण्यात रिठे घालून भिजवला. पाणी बदलत राहिल्या. चौथ्या दिवशी वाळवून, इस्त्री करून समोर धरला आणि सवयीने कात्री उजवीकडच्या पांढऱ्या टाक्यांकडे नेली. ते टाके आता पांढरे नव्हते. मी त्यांचं मनगट धरलं.

"राहू द्या. उस्ताद नंतर काढणार म्हणाले होते."

त्यांनी कात्री खाली ठेवली. त्यानंतर मावशींनी बँडवाल्यांचा एकही किल्ट पांढऱ्या सुती अस्तराशिवाय शिवला नाही. अस्तर काठाच्या दोन बोटं खाली उतरवायच्या. दिसायला वाईट दिसायचं आणि लोक तक्रार करायचे. त्या म्हणत, "रक्त दिसायला पाहिजे, भिया. नाहीतर घेऊ नकोस."

पुढे मी स्वतः पाईप मेजर झालो. नऊ जणांच्या मागे गुडघे टेकले आणि सत्तावीसपर्यंत मोजलं. अकरानंतर माझा आवाज जरा अडखळायचा. मुलांना वाटायचं, साहेबांचे गुडघे दुखतात. आता मी पोलोग्राउंडच्या एका कारखान्यात सिक्युरिटी बघतो. मावशी गेल्या. भोसले गावी शेती करतो.

वर्षातून एकदा, स्थापना दिवसाच्या सकाळी, मी गच्चीवर जातो आणि तो किल्ट घालतो. पट्टे आता शेवटच्या भोकात लागतात. डावीकडच्या अकरा चुण्या मोकळ्या आहेत, उजवीकडच्या सोळा टाचलेल्या. त्यामुळे डावा पाय पूर्ण पडतो आणि उजवा आखूड. रामचंद्र, सावंत, हवालदार माने, अशी तिघांची नावं मी मोठ्याने घेतो आणि चालायला लागतो. बायको सुरुवातीला विचारायची, लंगडता का? आता विचारत नाही.

सात वाजून नऊ मिनिटांनी भोसलेचा फोन येतो. दरवर्षी येतो.

"कदम?" तो विचारतो.

"तुटलाय," मी सांगतो.

"चालत राहा," तो म्हणतो, आणि फोन ठेवतो.